पार्श्वभूमी : जोडून सुट्ट्या आणि सरकणारी लाल तारीख

डिसेंबर लागला की प्रत्येक ऑफिसात एक तरी माणूस नव्या वर्षाची दिनदर्शिका समोर घेऊन पेनाने गोल करत बसलेला दिसतो. कुठला सण गुरुवारी आलाय, कुठला मंगळवारी, मध्ये एक सीएल, म्हणजे किरकोळ रजा, टाकली तर किती दिवस मोकळे मिळतात. शनिवारी-रविवारी पडलेल्या सणापुढे ‘गेली’ एवढाच शेरा. या हिशेबावर कोकणातली तिकिटं निघतात, दापोली-महाबळेश्वरच्या खोल्या भरतात आणि वरिष्ठांच्या टेबलावर रजेचे अर्ज साचतात. मात्र ज्या लाल तारखांवर हे सगळं उभं आहे, त्या तितक्या पक्क्या नसतात. गेल्या काही वर्षांत मुंबईकरांनी हे चांगलंच अनुभवलं आहे.

आधी शब्दांचा घोळ बघू. बोलताना आपण ‘राष्ट्रीय सुट्टी’, ‘सरकारी सुट्टी’, ‘बँक हॉलिडे’ हे सगळं एकाच अर्थाने वापरतो. राष्ट्रीय म्हणाव्यात अशा तीनच : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. गणेश चतुर्थी किंवा लक्ष्मीपूजनाची सुट्टी राज्य सरकारच्या अधिसूचनेतून येते. त्या अधिसूचनेला आधार असतो ‘परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१’च्या कलम २५चा. हे नाव एका दमात म्हणता येणारा कारकून मी अजून पाहिलेला नाही. कायदा हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेशांचा. हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर पैसे आदल्या कामाच्या दिवशी देय धरायचे, एवढ्यासाठी ‘सार्वजनिक सुट्टी’ म्हणजे काय ते त्यात सांगावं लागलं. आपल्या लाँग वीकेंडचं मूळ असं सावकारी व्यवहारात आहे.

मूळ कलमात रविवारच्या जोडीला नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे होते. शिवाय नववर्षदिन किंवा नाताळ रविवारी आला तर पुढचा सोमवार सुट्टीचा, अशी सोयही होती. साहेबाची सुट्टी रविवारी वाया जाऊ नये, ही काळजी कायद्यानेच घेतलेली. १९५५च्या दुरुस्तीत हे शब्द गेले, रविवार तेवढा राहिला आणि बाकीचे दिवस अधिसूचनेने ठरवायचे असं झालं. १९६८ साली केंद्राने हा अधिकार राज्याकडे सोपवला आणि आजही राज्याच्या वार्षिक यादीच्या डोक्यावर ८ मे १९६८च्या त्या अधिसूचनेचा हवाला असतो. बदली सोमवार मात्र परत आला नाही. सण रविवारी आला की सुट्टी बुडाली, हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही.

रविवारचा इतिहास शाळेत होऊन गेलाय. गिरणी कामगारांच्या लढ्यातून १० जून १८९० रोजी तो मिळाला. शनिवारची गोष्ट त्या मानाने ताजी. केंद्राच्या कचेऱ्या १९८५पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत, बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार १ सप्टेंबर २०१५पासून मिळाला आणि राज्य सरकारी कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाला. त्याबदल्यात रोजचे तास वाढले : पावणेदहा ते सव्वासहा. सगळे शनिवार मोकळे झाल्यावर शुक्रवारच्या आणि सोमवारच्या सणांचा भाव एकदम वधारला. उलट शनिवारचा सण, जो पूर्वी पहिल्या-तिसऱ्या शनिवारी आला तर कमाई होता, तो सरकारी माणसाच्या दृष्टीने बुडीत खात्यात गेला.

यातूनच स्थानिक सुट्ट्यांचं गणित बदलतं. राज्याच्या यादीशिवाय जिल्हा पातळीवर वर्षाला मोजक्याच सुट्ट्या देता येतात. मुंबईत २०२५ साली गोपाळकाला १६ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, दोन्ही शनिवारी आल्या. त्या रद्द करून ८ ऑगस्टची नारळी पौर्णिमा आणि २ सप्टेंबरचं ज्येष्ठागौरी विसर्जन अशा सुट्ट्या देण्यात आल्या. ८ ऑगस्ट शुक्रवार, १५ ऑगस्टही शुक्रवार. लागोपाठ दोन आठवडे तीन-तीन दिवस. आदेश निघाला मात्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ज्यांनी आधी काही ठरवलंच नव्हतं त्यांचं फावलं.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती ईद-ए-मिलादच्या सुट्टीची, आणि तिच्याकडे नीट बघायला हवं. २०२३मध्ये ईद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला, गुरुवारी. विसर्जनाची गर्दी आणि ईदचा जुलूस एकाच रस्त्यांवर नको म्हणून जुलूस काढणाऱ्यांनी आपण होऊन तो दुसऱ्या दिवशी ठेवला आणि सरकारने सुट्टीही २९ तारखेवर नेली. निर्णय त्याच आठवड्यातला. पण निकाल बघा : गुरुवारी विसर्जन, शुक्रवारी ईद, शनिवार, रविवार, सोमवारी २ ऑक्टोबर. एकही सीएल न टाकता पाच दिवस. रेल्वेचं आरक्षण कधीच संपलेलं, पण आपापल्या गाड्या काढून लोक निघाले.

पुढच्या वर्षी हेच उलटं झालं. २०२४मध्ये ईद १६ सप्टेंबरला सोमवारी, अनंत चतुर्दशी १७ला मंगळवारी. शनिवारपासून मंगळवारपर्यंत सलग चार दिवस सगळ्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच गोल करून ठेवले होते. शुक्रवारी, १३ तारखेला, आदेश आला : मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत ईदची सुट्टी सोमवारऐवजी बुधवारी, १८ला. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जीआरचा फोटो पडला तेव्हा आमच्यातला एकजण बॅग भरून, मुख्यालय सोडण्याची परवानगी खिशात घेऊन निघायच्या बेतात होता. त्या परवानगीवर ‘१४ ते १७’ असं लिहिलेलं. सोमवारसाठी नवा अर्ज लिहायला तो परत खुर्चीवर बसला. ठाण्यात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या घरी आणखी वेगळी तऱ्हा होती, कारण आदेश मुंबईच्या दोनच जिल्ह्यांपुरता होता. मुलांच्या शाळेचा दिवस एक, आईबापांच्या कचेरीचा दुसरा.

२०२५मध्ये ईद ५ सप्टेंबरला, शुक्रवारी. मुंबईत सुट्टी ८ तारखेच्या सोमवारवर गेली. दिवस तीनच राहिले, फक्त शुक्रवारची तिकिटं काढलेले फसले.

रस्त्यावरची शांतता दोन सुट्ट्यांच्या हिशेबापेक्षा मोठी आहे, यात वाद नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांनी दाखवलेला समजूतदारपणाही खरा. प्रश्न वेळेचा आहे. या दोन तिथी शेजारी येणार हे पंचांग उघडणाऱ्या कुणालाही वर्षभर आधी दिसत होतं. एक भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, दुसरी रबीउल अव्वलची बारावी तारीख. चंद्रदर्शनाने महिना मोजला की ही बारावी शुद्ध पक्षाच्या तेरस-चौदसच्या आसपासच पडते. २०२३च्या अधिक श्रावणाने भाद्रपद पुढे ढकलला आणि हे दोन महिने एकमेकांवर बसले. पुढचा अधिक मास येईपर्यंत ते तसेच राहणार, हे साधं गणित होतं. चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस मागेपुढे होईल, तेवढंच. तरीही तिन्ही वर्षी आदेश ऐन तोंडावर निघाला.

न्यायालयात हा विषय दुसऱ्या बाजूंनी गेला. दादरा-नगर हवेलीत २ ऑगस्टच्या मुक्तिदिनाची सुट्टी पुन्हा मिळावी म्हणून कुणी दाद मागितली, तेव्हा जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक सुट्टी हा काही मूलभूत हक्क नाही, उलट आपल्याकडे सुट्ट्या जास्तच झाल्यात. दोन वर्षांनी, अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेसाठी २२ जानेवारी २०२४ची, सोमवारची सुट्टी जाहीर झाली, तिला चार विधी विद्यार्थ्यांनी आव्हान दिलं. सुनावणी आदल्या दिवशी, रविवारी झाली आणि याचिका फेटाळली गेली. शेअर बाजाराने तो सोमवार बंद ठेवून शनिवारी, २० तारखेला, पूर्ण दिवस कामकाज केलं. म्हणजे सोमवार मिळाला खरा, पण दलालांच्या कचेऱ्यांतल्या लोकांचा शनिवार गेला.

खाजगी नोकरीतल्यांना यातलं बरंचसं लागूच होत नाही. २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी ठरवलेल्या चार. त्यावर काही कंपन्यांचा ‘सँडविच’ नियम. शुक्रवारी आणि सोमवारी रजा टाकली तर मधले शनिवार-रविवारही रजेतच कापले जातात.

प्रवासाची बाजू याच्या बरोब्बर उलट चालते. तिथे उशीर केला की संपलं. रेल्वेची आगाऊ आरक्षणाची मुदत २०१३मध्ये १२० वरून ६० दिवस झाली, २०१५मध्ये पुन्हा १२० आणि १ नोव्हेंबर २०२४पासून परत ६०. २०२५च्या गणपतीसाठी २५ ऑगस्टची कोकणची गाडी हवी असणाऱ्यांनी २६ जूनला सकाळी आठला मोबाइल हातात धरून बसायचं होतं. पाच मिनिटांत वेटिंग. साठ दिवस आधी तिकीट आणि तीन दिवस आधी सुट्टीचा आदेश, यांचा मेळ घालायचं काम ज्याचं त्याने करायचं.

२०२६च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे ती जोडी सुटते. ईद ऑगस्टच्या अखेरीस, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला सोमवारी, अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला शुक्रवारी आणि पुढचाच शुक्रवार २ ऑक्टोबर. आमच्या ऑफिसातल्या दिनदर्शिकेवर यांतल्या २५ तारखेभोवतीचा गोल या वेळी पेन्सिलने काढलाय.