ट्रान्स स्त्रियांमधली स्तनवाढ आणि स्तनांची सर्जरी

जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली पण जी स्वतः बाई आहे, इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन सुरू केल्यावर तिच्या छातीवर जे स्तन येतात ते, आणि तेवढे पुरे वाटले नाहीत तर पुढं छातीत बसवायची पिशवी म्हणजे इम्प्लांट किंवा स्वतःच्याच चरबीनं केलेली वाढ, असं दोन्ही या विषयात येतं. मराठीत पारलिंगी स्त्री, ट्रान्स बाई, ट्रान्सवुमन हे सगळेच शब्द चालतात. हिजडा किंवा जोगती समाजातल्या सगळ्याच जणी स्वतःला ट्रान्स स्त्री म्हणवून घेतात असं नाही, पण छातीचा प्रश्न त्यांच्यातही तितकाच जवळचा आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहे: हार्मोन्सवर आलेले स्तन खोटे नसतात, बाकी बायकांच्या छातीत जे असतं तेच यांच्या छातीत वाढतं, आणि म्हणून त्याला वेळही तेवढाच लागतो आणि काळजीही तेवढीच घ्यावी लागते.

स्तन येतात कसे

मुलगा असो की मुलगी, स्तनाग्रामागं दुधाच्या नळ्यांची सुरुवात सगळ्यांच्याच शरीरात जन्मापासून असते. वयात येताना बऱ्याच मुलग्यांच्याही छातीत काही महिने दुखरी गाठ येते आणि जाते, घरात कुणी बोलत नाही एवढंच. मुलींमध्ये इस्ट्रोजेन वाढलं की या नळ्या लांबतात, त्यांना फाटे फुटतात, भोवती चरबी आणि जोडणाऱ्या पेशी जमतात. ट्रान्स बाईच्या शरीरात एस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, बाहेरून दिलं आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खाली आणलं की हेच सगळं तिशीत चाळिशीतही सुरू होतं. २००० साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १४ ट्रान्स स्त्रियांच्या स्तनांच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघितल्या, तर त्यात नळ्यांच्या टोकाला दूध तयार करणाऱ्या पेशींचे घोसही तयार झालेले होते, सिस बायकांच्या, म्हणजे जन्माच्या वेळीच मुलगी म्हणून नोंद झालेल्या बायकांच्या, स्तनात असतात तसेच. तुलनेसाठी ज्यांचं टेस्टोस्टेरॉन औषधानं बंद केलं होतं असे दोन पुरुष घेतले होते, त्यांच्यात तेवढी वाढ नव्हती.

यातून आपल्याकडं फार महत्त्वाची एक गोष्ट कळते. हिजडा समाजात निर्वाण म्हणजे लिंग आणि वृषण काढण्याची जुनी रीत आहे आणि निर्वाण झालं की छाती आपोआप भरते असं अनेक जणींना सांगितलं जातं. तसं होत नाही. वृषण गेले की टेस्टोस्टेरॉन जातं पण इस्ट्रोजेन कुठून येणार, ते औषधातूनच द्यावं लागतं, आणि दोन्ही नसतील तर वर्षानुवर्षांत हाडं ठिसूळ होतात. निर्वाणानंतर इस्ट्रोजेनशिवाय राहणं हे छातीपेक्षा हाडांसाठी जास्त वाईट आहे, हे प्रत्येक गुरूनं आपल्या चेल्यांना सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

किती वाढतात आणि किती दिवसांत

साधारण ३ ते ६ महिन्यांत स्तनाग्रामागं सुपारीएवढी कडक गाठ लागते. ती दुखते. झोपताना पालथं पडवत नाही, लोकलच्या गर्दीत कुणाचं कोपर लागलं तर डोळ्यात पाणी येतं, सुरुवातीला कित्येक जणी कॅन्सरची गाठ समजून घाबरतात पण ही वाढीची गाठ असते, दोन्ही बाजूंना असते आणि मागंपुढं होऊ शकते, एक बाजू आधी येणं अगदी नेहमीचं. स्तनवाढीच्या पाच पायऱ्या असतात, त्यांना टॅनर पायऱ्या म्हणतात, १९६९ साली ब्रिटनमधल्या मुलींच्या वाढीच्या नोंदींवरून त्या मांडल्या गेल्या आणि ट्रान्स स्त्रियांची वाढही डॉक्टर त्याच मोजपट्टीवर बघतात. पूर्ण वाढीला २ ते ५ वर्षं धरायची. शाळेतल्या मुलीलाही चार-पाच वर्षं लागतातच की, मग इथंच सहा महिन्यांत सगळं व्हावं अशी अपेक्षा का ठेवायची.

आकड्यांवर बोलायचं तर अ‍ॅमस्टरडॅम, घेंट आणि फ्लोरेन्स इथल्या क्लिनिकांनी मिळून २२९ ट्रान्स स्त्रियांची छाती वर्षभर मोजली आणि २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. स्तनाग्रांवरून घेतलेलं माप वजा स्तनांखालचं माप, म्हणजे ब्रा घेताना दुकानात टेप लावून जे करतात तेच. वर्षाअखेर हा फरक सरासरी ७.९ सेंटिमीटर भरला, त्यातली बरीचशी वाढ पहिल्या सहा महिन्यांतली, आणि जवळजवळ निम्म्या जणींना, ४८.७ टक्के, सगळ्यात लहान म्हणजे ट्रिपल ए कपही भरला नाही. वय, वजन किंवा रक्तातली एस्ट्राडिओलची पातळी यांवरून कुणाचे किती वाढणार हे ओळखता आलं नाही. हे वाचून निराश व्हायला होतं, मला माहितीय, पण पुढचं पण वाचा, त्याच अ‍ॅमस्टरडॅमच्या गटानं नंतर ६९ जणींना तीन वर्षं थ्रीडी कॅमेऱ्यानं मोजलं तर वाढ तीन वर्षांपर्यंत चालूच होती, तिसऱ्या वर्षाअखेर एका स्तनाचं आकारमान साधारण १०० सीसीच्या आसपास. म्हणजे पहिल्या वर्षाचं माप हे शेवटचं माप नाही. तरी बहुतेक जणींचे स्तन लहानच राहतात हेही खरं, शिवाय पुरुषी वयात येऊन गेलेल्या शरीरात छातीचा पिंजरा रुंद असतो त्यामुळं तेवढेच स्तन आणखी लहान दिसतात.

औषधं, आणि मेडिकलमधल्या गोळ्या

आता जगात बहुतेक ठिकाणी एस्ट्राडिओल वापरतात, गोळी, पॅच, जेल किंवा इंजेक्शन. सोबत टेस्टोस्टेरॉन अडवायला स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोन, काही ठिकाणी ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं. रक्तातलं एस्ट्राडिओल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिली आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ठेवायचं, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासायचं, ही साधारण पद्धत. स्पायरोनोलॅक्टोनवर असताना पोटॅशियम बघावं लागतं. सायप्रोटेरोनचा डोस कमीत कमी ठेवतात कारण जास्त डोस वर्षानुवर्षं घेतला तर मेंदूच्या आवरणात मेनिंजिओमा नावाची गाठ होण्याचा धोका वाढतो. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी स्वतःचं मूल हवं असेल तर वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या, नंतर तो रस्ता बंद होऊ शकतो.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. खेड्यात आणि तालुक्याला एंडोक्रिनोलॉजिस्ट म्हणजे हार्मोनचा डॉक्टर नाही, असला तरी तिथं जाऊन हे बोलायचं धाडस होत नाही, मग मैत्रीण किंवा गुरूबहीण सांगते तसं मेडिकलमधून माला-डी आणायची आणि दिवसाला दोन-तीन, कधी त्याहून जास्त गिळायच्या. त्या गर्भनिरोधक गोळीत एथिनिल एस्ट्राडिओल हा इस्ट्रोजेनचा वेगळा प्रकार असतो, ते शरीरात लवकर मोडत नाही आणि यकृतावर काम करून रक्त गोठायची प्रवृत्ती वाढवतं. १९९७ साली नेदरलँड्समध्ये ८१६ ट्रान्स स्त्रियांचा आढावा घेतला तेव्हा शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण २० पटीनं जास्त निघालं, त्या काळात तिथं एथिनिल एस्ट्राडिओलच देत होते, नंतर ते सोडून दिलं. त्याच गोळीत दुसरं जे हार्मोन आहे, लेव्होनॉरजेस्ट्रेल, त्याचा थोडा पुरुषी हार्मोनसारखाच परिणाम असतो, म्हणजे ज्यासाठी गोळी खाल्ली त्याच्या उलटं. वर सिगारेट असेल तर धोका अजून वाढतो. पाय एकाच बाजूचा सुजला, पोटरी दुखली, अचानक दम लागला तर थेट हॉस्पिटल गाठा आणि काय गोळ्या घेत होता ते तिथं खरं सांगा, लाजू नका.

जास्त डोस म्हणजे जास्त छाती असं गणित कुठंच सिद्ध झालेलं नाही. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या बायकी हार्मोननं गोलाई येते असं अनेक जणी स्वतःच्या अनुभवावरून सांगतात, त्यांचा अनुभव खोटा म्हणायचं कारण नाही, पण ते सगळ्यांना सरसकट द्यावं एवढा भक्कम पुरावा नाही. हार्मोन बंद केले तर आलेले स्तन थोडे मऊ होतात, ओघळतात, पण पूर्ण जात नाहीत, हा बदल कायमचा धरूनच सुरुवात करायची.

सर्जरी

पहिलं सिलिकॉन जेलचं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला एका बाईच्या छातीत बसवलं गेलं, क्रोनिन आणि गेरो या दोन डॉक्टरांनी. तंत्र मुळात तेच आहे, बाहेर सिलिकॉनची पिशवी आणि आत सिलिकॉन जेल किंवा मिठाचं पाणी. घाई करू नये याचं कारण वर आलंच आहे, ट्रान्सजेंडर आरोग्याच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूपाथच्या, २०१२ च्या नियमावलीत सर्जरीआधी निदान १२ महिने हार्मोन घ्यावेत अशी शिफारस होती, सक्ती नाही. आधी स्वतःचं जेवढं वाढायचं तेवढं वाढू दिलं तर कातडी सैल होते, इम्प्लांटवर स्वतःच्या पेशींचं आवरण मिळतं आणि कडा हाताला लागत नाहीत.

ट्रान्स स्त्रीच्या छातीवर हे काम करणं सर्जनसाठी थोडं वेगळं असतं. स्तनाग्रं बाहेरच्या बाजूला असतात, त्याभोवतीचं काळं वर्तुळ लहान असतं, स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर कमी, छातीचा स्नायू जाड. मग रुंद बुडाचं इम्प्लांट निवडतात, खालची घडी थोडी खाली उतरवतात, आणि मधली फट मनासारखी जवळ येईलच असं नसतं कारण इम्प्लांट आत सरकवायला गेलं तर स्तनाग्रं आणखी बाहेर बघायला लागतात. ही गोष्ट ऑपरेशनआधी समजून घेतली नाही तर नंतर फार वाईट वाटतं. चीर बहुतेक वेळा स्तनाखालच्या घडीत देतात, काही वेळा काखेत. वर्तुळ लहान असल्यामुळं वर्तुळाच्या कडेनं चीर देणं इथं अवघड जातं. इम्प्लांट स्नायूच्या वर किंवा खाली ठेवतात, छाती सपाट आणि बारीक असेल तर खाली. नंतर काही आठवडे सपोर्ट ब्रा, बादली उचलायची नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत. एकटी राहणाऱ्यांनी तेवढ्या दिवसांसाठी कुणाला तरी घरी बोलावून ठेवावंच.

स्वतःच्या मांडीची पोटाची चरबी काढून छातीत भरतात तो दुसरा मार्ग, पण त्यातली काही चरबी शरीर शोषून घेतं, एका बैठकीत मोठी वाढ होत नाही, आणि बारीक अंगाच्या बाईकडं काढायला चरबीच नसते. ज्यांना सर्जरी नको किंवा परवडत नाही त्या सिलिकॉनचे स्तनाच्या आकाराचे पॅड म्हणजे ब्रेस्ट फॉर्म ब्राच्या आत घालतात, त्यात काही कमीपणा नाही.

इम्प्लांट जन्मभराचं नसतं. भोवती तयार होणारं आवरण कधी आवळून कडक होतं आणि दुखतं, कधी इम्प्लांट फुटतं, सिलिकॉनचं फुटलेलं बाहेरून कळतही नाही म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर २-३ वर्षांनी करायला सांगितलंय. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती लिम्फोमा प्रकारातला एक विरळा कॅन्सर होऊ शकतो, त्यामुळं २०१९ साली एका मोठ्या कंपनीची तशी इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली. बिल घेताना इम्प्लांटचं कार्ड मागून जपून ठेवा.

आणि कुणी पार्लरमध्ये किंवा घरी येऊन सुईनं पातळ सिलिकॉन भरून देतो म्हणाला तर अजिबात नको. ते एका जागी राहत नाही, गाठी होतात, जखमा होतात, रक्तातून फुप्फुसात गेलं तर माणूस मरतो, आणि एकदा पसरलं की कुठलाच सर्जन ते सगळं काढू शकत नाही.

खर्च आणि कायदा

पारलिंगी लोकांच्या हक्कांबद्दल सुप्रीम कोर्टानं दिलेल्या २०१४ च्या नालसा निकालानंतर २०१९ साली ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला, त्याच्या कलम १५ मध्ये सरकारनं सर्जरी, हार्मोन आणि समुपदेशनाची सोय करावी आणि विम्यात हा खर्च यावा असं लिहिलं. २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या कव्हरचा करार झाला. तामिळनाडूनं सरकारी दवाखान्यात लिंगबदलाच्या सर्जरी फार आधीपासून मोफत सुरू केल्या. छातीच्या सर्जरीला मात्र सौंदर्याची सर्जरी म्हणून बाजूला टाकायची सवय अजून आहे, आणि ज्या बाईला सपाट छातीमुळं ब्लाउज घालून रिक्षात बसायची भीती वाटते तिच्यासाठी हा सौंदर्याचा प्रश्न नाही. २०१३ मध्ये ३५ ट्रान्स स्त्रियांना सर्जरीआधी आणि नंतर तीच प्रश्नावली दिली गेली, स्तनांबद्दलचं समाधान आणि मनाची अवस्था दोन्ही स्पष्ट सुधारलेली दिसली.

नंतरची तपासणी, आणि दूध

खरे स्तन आहेत म्हणजे त्यांना स्तनांचे आजारही होऊ शकतात. २०१९ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या २२६० ट्रान्स स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, त्यात १८ जणींना ब्रेस्ट कॅन्सर झालेला होता. सिस पुरुषांपेक्षा हे प्रमाण पुष्कळ जास्त, सिस बायकांपेक्षा कमी. पन्नाशी ओलांडलेल्या आणि पाच-दहा वर्षं हार्मोन घेतलेल्या बाईनं दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे करावा असं सुचवलं जातं, इम्प्लांट असेल तर आधी सांगायचं म्हणजे ते मागं ढकलून वेगळा फोटो घेतात. आधार कार्डावर काहीही लिहिलेलं असो, छातीत नवी गाठ लागली तर दाखवायचीच.

दूध येऊ शकतं का हा प्रश्न नेहमी येतो. येऊ शकतं. २०१८ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ३० वर्षांच्या एका ट्रान्स स्त्रीबद्दल लिहिलं, तिच्या जोडीदाराला बाळ होणार होतं पण जोडीदाराला अंगावर पाजायचं नव्हतं. हिला हार्मोन वाढवून दिले, दूध वाढवणारं डोमपेरिडोन दिलं, दिवसातून अनेकदा पंप लावायला सांगितलं, आणि बाळ जन्मायच्या आधीच तिला दिवसाला ८ औंस म्हणजे जवळजवळ पाव लिटर दूध येत होतं. पहिले सहा आठवडे ते बाळ फक्त तिच्याच दुधावर होतं आणि बालरोगतज्ज्ञाच्या तपासणीत त्याची वाढ व्यवस्थित होती, मग दूध पुरेना म्हणून वरचं दूध सुरू केलं, तरी अंगावर पाजणं तिनं चालूच ठेवलं.