लक्षणा

लक्षणा : शब्दाचा मुख्य अर्थ वाक्यात जुळत नसताना त्या अर्थाशी संबंधित असा दुसरा अर्थ ज्या शक्तीमुळे कळतो, ती शब्दशक्ती. अभिधा (मुख्य अर्थ सांगणारी), लक्षणा आणि व्यंजना (सूचित अर्थ कळविणारी) या तीन शब्दशक्तींपैकी ही दुसरी होय. रूपक, अतिशयोक्ती हे अलंकार तिच्याच आधारावर उभे आहेत.

संस्कृत साहित्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाश या ग्रंथात (सामान्यतः ११ व्या शतकाचा उत्तरार्ध) लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध (तो न जुळणे), लक्ष्यार्थाशी (लक्षणेने कळणाऱ्या अर्थाशी) त्याचा संबंध आणि रूढी (प्रचलित वापर) किंवा प्रयोजन (विशिष्ट हेतू) यांपैकी एक, अशा तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. ‘गंगायां घोषः’ (गंगेवर गवळीवाडा) या प्रसिद्ध उदाहरणात प्रवाहावर वस्ती संभवत नसल्याने ‘गंगा’ म्हणजे गंगेचा काठ असा अर्थ घ्यावा लागतो. त्या काठाचे पावित्र्य आणि शीतलता सुचविणे हे येथील प्रयोजन असून ते व्यंजनेने कळते.

मतभेद आहे तो रूढीविषयी. ‘कर्मणि कुशलः’ या प्रयोगात ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश (दर्भ) आणणारा, आणि ‘निष्णात’ हा अर्थ रूढीने आलेला, म्हणून येथे लक्षणा आहे, असे मम्मट म्हणतो. साहित्यदर्पणकार विश्वनाथाला (१४ वे शतक) हे मान्य नाही. शब्दाची व्युत्पत्ती एका कारणाने होते आणि वापर दुसऱ्या कारणाने. तसे न मानल्यास ‘गो’ हा शब्द ‘गम्’ (जाणे) या धातूपासून साधला जात असल्याने ‘गाय झोपली आहे’ या अर्थाच्या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल, असा त्याचा आक्षेप आहे. ऐकणाऱ्याला अर्थाची अडचण मुळी जाणवतच नसेल, तर बाध झाला असे म्हणणे कठीण असल्याने विश्वनाथाची बाजू अधिक ग्राह्य वाटते. लक्षणेचे प्रकार मम्मट ६ आणि विश्वनाथ ८० मानतो. गौणी (साम्यावर आधारलेली) ही मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांच्या मते लक्षणेहून वेगळी वृत्ती (शब्दशक्ती) आहे.

मराठी बोलण्यात लक्षणा पदोपदी आढळते. ‘पान वाढले आहे’ या वाक्यात वाढले जाते ते अन्न, पान नव्हे. शिवाय पुढ्यात केळीचे पान नसून धातूचे ताट असले, तरी हा प्रयोग तसाच चालतो. ‘चूल वेगळी झाली’ म्हणजे कुटुंब विभक्त झाले. १७६१ च्या युद्धावरून आलेल्या ‘पानिपत होणे’ या प्रयोगात मोठ्या संहाराची आठवण जागवणे हे प्रयोजन स्पष्ट दिसते. मात्र परीक्षेतल्या अपयशालाही तो लावला जातो, तेव्हा ते प्रयोजन क्षीण होऊन रूढीच उरते.