कुलाब्याची ‘सुहैली’, गोव्याची ‘थुरिया’

एकट्याने, वाटेत कुठल्याही बंदराला न लागता शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा पहिला माणूस इंग्रज होता, पण त्याची बोट मुंबईची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतला तरुण अधिकारी. १९६० च्या दशकात त्याने कुलाब्यात ३२ फुटांची सागवानी ‘सुहैली’ बांधून घेतली. इंग्लंडहून मागवलेले आराखडे आले ते भलत्याच बोटीचे, नॉर्वेच्या बचाव-होड्यांच्या वळणावर काढलेल्या एका जुन्या, जाडजूड बोटीचे. नवे मागवण्याइतका वेळ नव्हता, म्हणून त्यांवरच काम सुरू झालं. सुतारांनी वाकस आणि दोरीने फिरवायच्या सामत्याने ती घडवली, आणि पाण्यात सोडताना नारळ फुटला.

१९६६-६७ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर सिडनीचा एकच मुक्काम घेऊन एकट्याने जगाला फेरी मारून आला. तेव्हा उरलं होतं ते एकच, तो मुक्कामही टाळायचा. लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने हे हेरून १९६८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. १ जून ते ३१ ऑक्टोबरच्या दरम्यान कधीही निघा, पहिल्याला चषक आणि सर्वांत वेगवान फेरीला ५,००० पौंड. पात्रता-फेरी वगैरे काही नाही. नॉक्स-जॉन्स्टनला खरं तर नवी पोलादी बोट हवी होती. पैसे कोणी देईना, तेव्हा संथ ‘सुहैली’च घेऊन तो १४ जूनला फाल्मथहून निघाला.

नऊजण निघाले, फेरी पुरी केली ती त्याने एकट्यानेच. ३१२ दिवस लागले. सुरुवातीलाच बोट पाणी घेऊ लागली, तेव्हा हा गडी भर समुद्रात बुडी मारून फळ्यांच्या फटीत सूत ठोकत बसला. पुढे रेडिओ गेला, आपोआप दिशा धरणारी यंत्रणाही मोडली. दक्षिण महासागराने बोट आडवी केली तेव्हा केबिनचं छप्परच हललं. सगळं मोडत गेलं, पण जे मोडलं ते हाताने, हत्याराने दुरुस्त होण्यासारखं होतं. माझ्या मते त्याच्या यशाचं अर्धं श्रेय त्या चुकीच्या आराखड्यांना द्यायला हवं.

दुसरा एक स्पर्धक डोनाल्ड क्रोहर्स्ट, त्याचं उलट झालं. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा छोटा धंदा करणारा हा माणूस. त्याची तीन सांगाड्यांची ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’ कागदावर सर्वांत वेगवान होती. पण शर्यत पुरी केली नाही तर बोट त्यानेच विकत घ्यायची असा करार होता, आणि घरही गहाण पडलेलं. कामं अर्धवट टाकून ३१ ऑक्टोबरला, मुदतीच्या अखेरच्या दिवशी, तो निघाला. पुढे जाणं म्हणजे मरण आणि मागे फिरणं म्हणजे दिवाळं. तो दक्षिण अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवत राहिला. या खोट्याचा बळी आधी दुसराच ठरला. क्रोहर्स्ट पाठीवरच आहे असं समजून नायजेल टेटली या स्पर्धकाने आपली खिळखिळी बोट ताणली, आणि घर जवळ आलं असताना अझोर्सपाशी ती फुटली. टेटली वाचला. पण आता वेगाचं बक्षीस क्रोहर्स्टकडे जाणार, म्हणजे त्याच्या नोंदवह्या तपासल्या जाणार. १० जुलै १९६९ ला बोट सापडली ती रिकामी. आत खरी आणि खोटी, दोन्ही टिपणं होती.

बक्षिसाचे ५,००० पौंड नॉक्स-जॉन्स्टनने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. फ्रेंच बर्नार्ड म्वातसिए जिंकण्याची चांगली शक्यता असताना शर्यत सोडून ताहितीला गेला. त्याच्यावर बक्षिसाचं ओझं नव्हतंच.

आपल्याकडे हा विषय परतला तो निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींमुळे. भारतात बांधलेल्या बोटीतून भारतीयाने एकट्याने प्रदक्षिणा करावी हा त्यांचा ध्यास. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्याच्या रत्नाकर दांडेकरांच्या अॅक्वेरियस शिपयार्डने, असली बोट पूर्वी कधी बांधली नसताना, ५६ फुटी ‘म्हादेई’ उभी केली. दोंद्यांनी आधी नॉक्स-जॉन्स्टनकडे धडे घेतले. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून, चार बंदरांना थांबून ते मे २०१० मध्ये परतले. त्याच बोटीतून नौदल अधिकारी अभिलाष टॉमींनी २०१२-१३ मध्ये विनाथांबा फेरी पुरी केली.

मग पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, ‘गोल्डन ग्लोब’ पुन्हा भरली, जुन्याच साधनांनिशी. जीपीएस नाही, सेक्स्टंट या कोन मोजणाऱ्या यंत्राने सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून आपलं ठिकाण काढायचं. टॉमींसाठी दांडेकरांच्याच गोदीत ‘सुहैली’ची प्रतिकृती ‘थुरिया’ बांधली गेली. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. जागेवरून हलता येईना. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ‘थुरिया’ समुद्रातच सोडावी लागली. पुढच्या शर्यतीत ते पुन्हा उतरले, या वेळी अमिरातीतल्या एका कंपनीच्या पैशावर आणि तिचंच नाव दिलेल्या ‘बयानात’ बोटीतून. २९ एप्रिल २०२३ ला ते दुसरे आले. दोन दिवस आधी पहिली आलेली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर वाटेत बोट बुडालेल्या एका स्पर्धकाला वाचवून आली होती.