पार्श्वभूमी : प्रकाश, बिलिरुबिन आणि ‘नष्ट’ या शब्दाचा घोळ

प्रकाशरसायनात मुरलेला संशोधक पुढे जन्मजात चयापचय-विकारांकडे वळला, की त्याने क्षेत्र बदललं असं म्हटलं जातं. बिलिरुबिनवर, म्हणजे काविळीत अंगाला पिवळेपणा आणणाऱ्या आणि फार वाढल्यास मेंदूला घातक ठरणाऱ्या द्रव्यावर, काम करणाऱ्यांना हे लागू होत नाही. त्यांचे दोन्ही प्रश्न एकाच पिवळ्या रेणूत दडलेले असतात.

चयापचयातले काही दोष जन्मजात असतात, ही मांडणी १९०८ची. १९१२मध्ये जर्मनीतल्या एका डॉक्टरने २०० मिलीग्रॅम हेमॅटोपॉर्फिरिन, पॉर्फिरिन गटातलं एक रंगद्रव्य, स्वतःला टोचून घेतलं. उन्हात जाताच त्याचा चेहरा सुजला आणि ही संवेदनशीलता कित्येक महिने टिकली. हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा घटक, घडताना पॉर्फिरिनं तयार होतात आणि हीम मोडलं की बिलिरुबिन. दोन्ही प्रकाश शोषतात, त्यामुळे पुढचा धागा इथूनच लागतो.

१९५६च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका रुग्णालयातली परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात कोवळ्या उन्हात न्यायची. एकदा तिने डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंगाचा पिवळेपणा उतरलेला, फक्त एक तिकोनी पट्टा गडद पिवळा. चादरीचा कोपरा तेवढ्याच जागेवर होता. पुढे काविळीच्या रक्ताची नळी उन्हात राहिली आणि तिच्यातलं बिलिरुबिन कमी भरलं. १९५८मध्ये हे छापून आलं, १९६८च्या अमेरिकेतल्या चाचणीनंतर निळे दिवे सर्वदूर पोचले.

मात्र दिवा नेमकं काय करतो, याचं उत्तर बराच काळ चुकीचं दिलं गेलं. प्रकाशाने बिलिरुबिनचं ऑक्सिडीकरण होतं, ते नष्ट होतं, असं सांगितलं जाई. नळीत ते खरंही होतं. पण शरीरातला हिशेब जुळेना. १९३८मध्ये नोंदलेल्या उंदरांच्या एका जातीत बिलिरुबिनला ग्लुकुरोनिक आम्ल जोडणारं एन्झाइम जन्मतःच नसतं. या जोडणीशिवाय बिलिरुबिन पित्तात जवळजवळ उतरत नाही. तरी या उंदरांना प्रकाशात ठेवल्यावर त्यांच्या पित्तात बिलिरुबिन वाढलं, आणि तेही न जोडलेलं. नष्ट झालेला पदार्थ पित्तात येईल कसा?

खुलासा व्हायला सत्तरचं दशक सरत आलं. १९७६च्या स्फटिकरचनेत दिसलं, की बिलिरुबिनचा रेणू स्वतःशीच घडी घालून बसतो. पाण्याला धरणारे त्याचे गट आतल्या हायड्रोजन-बंधांत अडकतात. निळ्या प्रकाशाने एक दुहेरी बंध फिरतो, घडी मोडते, रेणू पाण्यात विरघळू लागतो आणि एन्झाइमशिवाय यकृतातून निसटतो. पित्तात आल्यावर तो पुन्हा मूळ आकारात परततो. म्हणूनच नमुना तपासणाऱ्याला साधं बिलिरुबिनच दिसत राहिलं. माझ्या मते या क्षेत्रातला निर्णायक क्षण हाच. ‘नष्ट’ हा सैल शब्द मात्र आजही पालकांना दिलेल्या माहितीत सापडतो.

ऑक्सिडीकरण होतच नाही असं नाही, पण त्याचा वाटा किरकोळ आहे. खरा वाद आता दोन समघटकांचा, म्हणजे अणू तेच पण मांडणी वेगळी अशा प्रकाशात बनलेल्या दोन रूपांचा, आहे. एक झटपट तयार होतो, पण नवजात बाळाच्या शरीरातून सावकाश जातो. दुसरा, ल्युमिरुबिन, हळूहळू आणि थोडा बनतो, मात्र मूळ रूपात परतत नाही आणि लवकर बाहेर पडतो. रोजच्या तपासणीत सगळे एकाच आकड्यात मोजले जातात. प्रकाशात बदललेला हिस्सा मेंदूला कमी घातक असेल, तर तो आकडा धोका वाढवून सांगतो.

बहुतेक नवजात बाळांचा दिवा काही दिवसांत बंद होतो. १९५२मध्ये वर्णन झालेल्या क्रिग्लर-नजार विकाराच्या तीव्र प्रकारात तसं होत नाही. उंदरांत नव्हतं तेच एन्झाइम या मुलांत नसतं. रोज दहा-बारा तास प्रकाशाखाली काढावे लागतात. वय वाढतं तशी त्वचा जाड होते, वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ घटतं आणि उपचार थिटा पडू लागतो. मग यकृत-प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुक-उपचाराच्या एका छोट्या चाचणीत, जास्त मात्रा मिळालेल्या काही रुग्णांचे दिवे उपचारानंतर दीड वर्षाने बंदच होते. दिव्याचं रसायन उलगडलं ते याच दोषाच्या उंदरांमुळे. त्याच दोषाच्या मुलांसाठी मात्र तो दिवा रोज लावावाच लागत होता.