गवत, कुंपण आणि गोळीबार

घर भाड्याने घ्यायला निघालेला माणूस भाडं, पाणी, पार्किंग असं सगळं विचारून झालं की आवाज जरा खाली आणतो आणि विचारतो, "एरिया कसा आहे?" उत्तर दोनच प्रकारचं येतं. "चांगला आहे", नाहीतर "तिकडे नको". हजारो माणसांच्या वस्तीचा निकाल असा दोन शब्दांत लागतो. गुन्ह्यांचे नकाशे जवळून पाहणाऱ्या संशोधकांना मात्र हा निकाल पटत नाही.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांना वर्षभरात आलेले सुमारे ३ लाख २३ हजार फोन पत्त्यांनुसार मांडून पाहिले. शहरात पत्ते होते १ लाख १५ हजारांच्या आसपास. त्यातल्या जेमतेम ३.३ टक्के पत्त्यांशी निम्मे फोन जोडलेले निघाले. पुढे इतर शहरांतही असंच दिसलं. बदनाम वस्तीतल्याही बहुतेक गल्ल्या शांत असतात. त्रास असतो तो काही ठरावीक कोपऱ्यांत.

मग त्या कोपऱ्यांत असं काय असतं? या प्रश्नाचं मला सर्वांत भावलेलं उत्तर अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरातून आलं आहे.

१९५० साली या शहराची लोकसंख्या २० लाख ७० हजारांच्या वर होती, २००० साली ती १५ लाखांवर आली. कापडगिरण्या आणि कारखाने बंद पडले, ज्यांना जमलं ते उपनगरांत गेले. मागे राहिलेली घरं पडली, पाडली गेली. तिथली घरं भिंतीला भिंत लावून बांधलेली. त्यामुळे एक घर गेलं की सलग ओळीत खिंडार पडतं. अशा हजारो मोकळ्या जागांवर पुरुषभर गवत माजलं. जुने टायर, गाद्या, बांधकामाचा राडारोडा रात्रीतून येऊन पडू लागला. कंबरेला पिस्तूल लावून हिंडणाऱ्याला पोलिसांनी झडती घेतली तर पंचाईत, म्हणून पिस्तुलं या गवतात आणि टायरांत लपवली जाऊ लागली. भांडण झालं की हत्यार चार पावलांवर. आजूबाजूच्या रहिवाशांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांना विचारायला मात्र कोणी फारसं जात नव्हतं.

पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटी ही १८२७ साली स्थापन झालेली बागप्रेमींची संस्था. तिने या जागा साफ करायला घेतल्या. कृती अगदी साधी होती. कचरा उचलायचा, जमीन सपाट करायची, गवत पेरायचं, थोडी झाडं लावायची आणि कडेने लाकडी दांड्यांचं बुटकं कुंपण घालायचं. कुंपणात माणसांसाठी वाट ठेवलेली असते. ट्रक आत येऊन राडारोडा ओतू शकत नाही, पण म्हातारी माणसं खुर्ची घेऊन आत जाऊ शकतात. या सगळ्या कामातला मला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो तो हाच.

२०११ साली साथरोगतज्ज्ञ चार्ल्स ब्रानास आणि सहकाऱ्यांनी हिरव्या केलेल्या ४,४३६ जागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या जागांभोवती बंदुकीचे हल्ले कमी झाले होते. पण इथे शंकेला जागा होती. जिथले रहिवासी आधीच जागरूक होते, तिथल्याच जागा सुधारल्या गेल्या असतील तर? मग श्रेय गवताचं की माणसांचं? नव्या औषधाबाबत असा पेच पडला की डॉक्टर एक उपाय करतात. कोणाला औषध मिळणार हे ते नशिबावर सोडतात. ब्रानास यांच्या गटाने जमिनीबाबत तेच केलं. ५४१ जागा निवडल्या, त्यांचे ११० समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. एका भागात पूर्ण हिरवळ, दुसऱ्यात फक्त साफसफाई आणि गवतकापणी, तिसरा होता तसाच सोडला.

निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाले. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांमध्ये सुधारलेल्या जागांभोवती बंदुकीची हिंसा २९.१ टक्क्यांनी आणि घरफोड्या २१.९ टक्क्यांनी घटल्या. हे आकडे पोलिसांच्या नोंदींतले आहेत. गुन्हे तिथून उठून शेजारच्या गल्लीत गेले का, हेही तपासलं गेलं. तसं दिसलं नाही.

गुन्हा आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे दोन्ही मोजल्या गेल्या म्हणून हा प्रयोग मोलाचा. रस्त्यावर वर्षभर काही घडलं नाही, तरी अंधाऱ्या मोकळ्या जागेजवळून जाताना पावलं भराभर पडतातच. सुधारलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांमध्ये बाहेर पडताना वाटणारी असुरक्षितता ५७.८ टक्क्यांनी कमी झाली आणि बाहेर बसून गप्पा मारण्यासाठी मोकळ्या जागांचा वापर ७५.७ टक्क्यांनी वाढला. युजेनिया साउथ या तातडीच्या विभागातल्या डॉक्टर. गोळी लागलेले रुग्ण त्यांच्यासमोरच येत. त्यांनी काही रहिवाशांना हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र लावून चालायला सांगितलं. हिरव्या केलेल्या जागेजवळून जाताना ठोके मिनिटाला सरासरी नऊहून अधिक कमी पडत होते. माणसं मोजकीच होती, त्यामुळे या आकड्यावर फार भार टाकू नये. पण २०१८च्याच दुसऱ्या निबंधात हिरवळीजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. नुसता कचरा उचलला तिथे मनावर असा ठळक परिणाम दिसला नाही. शरीराला आणि मनाला फरक कळतो.

राखलेलं गवत हत्यार हिरावून घेत नाही, लपवायची जागा हिरावून घेतं. माणसं बाहेर बसू लागली की येणाराजाणारा कोणाच्या तरी नजरेत राहतो. जागेची निगा कोणीतरी राखतंय, हे दिसत राहतं. आणि हे सगळं कोणालाही न पकडता, कोणाचीही झडती न घेता घडतं. गरीब वस्तीत याचं मोल फार आहे, कारण तिथे सुरक्षिततेच्या नावाखाली बहुतेकदा रहिवाशांवरच संशय घेतला जातो.

गवताने शहराचं सगळं दुखणं बरं होत नाही. २०२१ साली फिलाडेल्फियात ५६२ खून झाले, त्या शहराच्या इतिहासातला तो उच्चांक. बंदुका सहज मिळणं, महासाथीत शाळा आणि कामं बंद पडणं, यावर हिरवळीचा इलाज नाही. पण २०१८च्या निबंधानुसार एक जागा सुधारायला सुमारे १,६०० डॉलर लागले आणि नंतर वर्षाला निगराणीचे १८० डॉलर. हे दुसरे १८० डॉलर जास्त महत्त्वाचे. एक उन्हाळा कापणी चुकली की गवत पुन्हा कमरेएवढं होतं, आणि टायर परत यायला वेळ लागत नाही.