गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगचे आटे गेलेत? मोठा प्लग मारण्याआधी हे वाचा

ऑइल बदलताना ड्रेन प्लग, म्हणजे जुनं ऑइल सोडायचं खालचं बूच, नुसताच फिरतो, आवळला तरी धरत नाही आणि खाली थेंब पडत राहतात. अशा गाड्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गॅरेजकडे सारख्या येतात आणि प्रश्नही ठरलेलाच असतो: "एक नंबर मोठा प्लग बसवून द्या की, कशाला एवढा खर्च?"

बहुतेक कार आणि पिकअपच्या गिअरबॉक्सची बॉडी ॲल्युमिनियमची असते आणि प्लग लोखंडी. थेंब दिसला की पान्याला पाइप घालून आवळतात, तिथेच मऊ धातूचे आटे उपटतात. वॉशर लावून बसणाऱ्या प्लगची गळती आटे थांबवत नाहीत, वॉशर थांबवतो. तो एकदा चेपला की संपला. चहाच्या पैशात येणारा वॉशर वाचवायला गिअरबॉक्सची बॉडी पणाला लागते.

तरी इथवरचं काम सोपं. खरा घोळ पुढे होतो. स्वतः आटे पाडणारा मोठा प्लग गाडीखाली झोपून हातानं ठोकून बसवला, तर तो सरळ जातच नाही. प्लग तिरका गेला की वॉशर एकाच बाजूला टेकतो, गळती चालूच राहते आणि मग पुन्हा जोर. शेवटी भोकाच्या कडेला चीर जाते. अशा तिरक्या भोकात कॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची, नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवली तर तीही तिरकीच बसते. मग गिअरबॉक्स उतरवून भोक सरळ बोअर करायचं आणि लेथवर बुश, म्हणजे आतून आटे असलेली धातूची नळी, करून बसवायचा. दोन-तीन तासांचं काम दोन दिवसांवर जातं. भोकात एम-सील भरून आणलं, तर ते खरवडण्यात आणखी वेळ.

आम्ही काय करतो? एम १४ × १.५ चा, म्हणजे १४ मि.मी. जाडीचा आणि दर १.५ मि.मी.ला एक आटा असलेला प्लग धरा. भोक सुमारे १४.४ मि.मी.चं करतो, कॉइलचा खास टॅप (आटे पाडायचं हत्यार) गाइड लावून काटकोनात चालवतो आणि त्यात स्टीलची कॉइल बसवतो. कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा आत हवी. बाहेर डोकावली तर वॉशर टेकणारच नाही. तिच्या टोकाची आडवी काडी तोडून चिमट्यानं बाहेर काढतो, आत पडू देत नाही. वॉशर नसलेला, आट्यातच गच्च होणारा निमुळता प्लग असेल तर कॉइल चालत नाही, तिथे बुशच लागतो.

वेळ जातो तो आटे पाडताना निघणाऱ्या धातूच्या किसात. टॅपच्या खाचांत ग्रीस भरतो, दोन-तीन फेरे झाले की टॅप काढून पुसतो. प्लगच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, ॲल्युमिनियमचा नाही. म्हणून शेवटी अर्धा लिटर नवं गिअर ऑइल वरून सोडून पांढऱ्या फडक्यावर गाळतो. फडक्यावर चमक दिसली की पुन्हा. बिलात या ऑइलचे पैसे दिसतात, त्यावर घासाघीस करू नये ही विनंती.

भरायचा प्लग आम्ही आधी सोडवून बघतो, मगच ड्रेन उघडतो. तो निघाला नाही आणि ऑइल खाली गेलं, तर गाडी जागेवरच. प्लग टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं, कंपनीच्या आकड्यावर आवळतो. ॲल्युमिनियम बॉडीला तो साधारण २५ ते ४० न्यूटन-मीटर असतो. तेवढ्यासाठी पाइप लागत नाही. ऑइलही मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये "जास्त भारी" म्हणून जीएल-५ ओतू नका, काही जीएल-५ ऑइलं सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या भागाच्या) पितळी रिंगा खातात.

थेंब पडायला लागला की प्लगला हात न लावता या. प्लग निघूनच आला असेल तर गाडी चालवत आणू नका, टो करा आणि जुना प्लग सोबत ठेवा. फोनवर मॉडेल आणि वर्ष सांगितलंत तर कॉइल आणि वॉशर आधीच काढून ठेवतो. गगनबावडा, गडहिंग्लजकडून येणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावं, संध्याकाळी गाडी घेऊन परतता येईल. काम झाल्यावर ५०० कि.मी.नंतर एकदा दाखवून जा, त्या तपासणीचे पैसे घेत नाही.