१७ सेकंदांची नजर

बॉस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी एका माणसाला काचेच्या पेट्यांमधल्या वस्तूंबद्दल साधेच प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याचे फोटो काढले. १९१६ साली छापून आलेल्या त्या फोटोंत तो बिचारा कुठे ओणवा झालाय, तर कुठे मान वाकडी करून पाटी वाचतोय. प्रेक्षक कंटाळतो यात त्याचा दोष नाही, मांडणीच त्याला दमवते, असं गिलमन यांचं म्हणणं. ‘संग्रहालयाचा थकवा’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रुळला. पुढे त्यांनी डोळ्यांना लावायची एक छोटी पेटीही सुचवली. आजूबाजूचा उजेड अडवायचा आणि समोरचं चित्र तेवढं दिसू द्यायचं, एवढंच तिचं काम.

ती पेटी काही चालली नाही. पण संग्रहालयात आणलेलं कुठलंही यंत्र तपासायला मला तिचंच माप बरं वाटतं: त्याने नजर वस्तूकडे जाते, की वस्तूवरून उडते?

कारण मुळात ही नजर फार थोडा वेळ टिकते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात माणसं एकेका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे मोजलं गेलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी २७ सेकंद निघाली. तीही मोजक्या रेंगाळणाऱ्यांमुळे फुगलेली. निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते.

या १७ सेकंदांत वाटेकरी आणायचा, तर तो निवडून आणायला हवा. कानाला लावायचा मार्गदर्शक त्या मानाने गुणी. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ पासून रेडिओलहरींवरून माहिती ऐकवली जाई. कान गुंतले तरी डोळे मोकळे राहत. पडद्याचं तसं नाही. तो डोळेच मागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान-संग्रहालयात सगळा भर हाताने करून बघण्यावर. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी ते १९६९ साली सुरू केलं. तिथे या शतकाच्या सुरुवातीला हातात धरायचे छोटे संगणक देऊन पाहिले, तेव्हा काही प्रेक्षकांना आपण सोबत आलेल्यांपासून तुटल्यासारखं वाटलं.

मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. एका दालनात मोठा सांगाडा आणि शेजारी टचस्क्रीनवर प्रश्नमंजूषा. दोन मुलं तिच्यावर अक्षरशः तुटून पडली होती, आणि दोघांचीही पाठ सांगाड्याकडे! उत्तरं पडद्यातच मिळत असतील तर मागे वळून कोण बघणार? नोंदवहीत मात्र ही दोघं ‘सहभागी प्रेक्षक’ म्हणूनच मोजली जाणार.

मग फोन बाहेरच ठेवायला लावावेत? इतकं सोपं नाही ते. फेअरफिल्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या आणि त्यांचे तपशीलही पुसट झाले होते. लक्षात ठेवायचं काम कॅमेऱ्यावर सोपवलं की मेंदू अंग काढून घेतो, असा याचा एक अर्थ लावतात.

२०१४ सालच्या याच शोधनिबंधात दुसरा प्रयोगही आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. त्यात काही वस्तूंच्या एकाच भागावर झूम करून फोटो घ्यायचा होता. तेव्हा आठवण घसरली नाही. चौकटीबाहेर राहिलेला भागसुद्धा नुसत्या बघितलेल्या वस्तूंइतकाच लक्षात राहिला. झूम करायचं तर कशावर करायचं हे ठरवावं लागतं, आणि ठरवायला आधी नीट बघावं लागतं.

त्या प्रश्नमंजूषेलाही हेच करता आलं असतं. खालच्या जबड्यात दात किती, एवढंच विचारायचं आणि उत्तर पडद्यावर कुठेच ठेवायचं नाही.